आधी नाव, मग गाव

मंडळी, उद्या सकाळी स्मारकाचं लोकार्पण. पाहुणे बोलतील, बिगुल वाजेल, पुष्पचक्रं वाहिली जातील. त्या धांदलीत खुद्द दगडाविषयी बोलायला कुणाला सवड होणार नाही, म्हणून आज मी उभा आहे.

नाशिकला फौज नवी नाही. देवळालीला, नाशिकरोडला तोफखाना आहे. हिरव्या गाड्यांकडे आपली पोरंसुद्धा आता वळून बघत नाहीत. हे स्मारक मात्र पायदळाचं, मराठा लाइट इन्फंट्रीत भरती होऊन परत न आलेल्यांचं. या रेजिमेंटची जंगी पलटण १७६८ साली उभी राहिली. त्यानंतर पडलेल्यांपैकी किती जणांची नावं आपल्याला सांगता येतील?

लढाईत पडलेल्याचा दगड उभारायची रीत आपल्याकडे पलटणींच्याही आधीची. मारुतीच्या देवळामागे, वेशीपाशी वीरगळ दिसतात. खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेऊन लढणारा वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर कलश, चंद्र-सूर्य. बघत राहावं असं काम. पण बहुतेकांवर अक्षर म्हणून नाही. लोक शेंदूर लावतात, नारळ फोडतात; कुणाचा म्हणून विचारलं तर ‘देव आहे’ म्हणतात.

बरं, तो जुना काळ. पहिल्या महायुद्धात तर शिपायांच्या नोंदी होत्या. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुतला डिसेंबर १९१५ मध्ये वेढा पडला. आत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. शेवटी घोडे कापून खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली आणि पुढे कैदेतल्या पायपिटीत, उपासमारीत, रोगराईत हजारो मेले. त्या मोहिमेत ज्यांच्या कबरीचा पत्ता नाही, अशा ४० हजारांहून अधिक जणांचं स्मारक बसऱ्याला बांधलं. युद्धकबरी सांभाळणाऱ्या आयोगाचं तत्त्व असं, की हुद्दा बघायचा नाही, मान सगळ्यांना सारखा. आणि बसऱ्याला केलं काय? ब्रिटिश शिपायाचं नाव कोरलं, हिंदी अधिकाऱ्याचंही कोरलं. हिंदी शिपायांचा मात्र आकडा. अमुक पलटण, अमुक इतके. हे चुकलं, असं आयोगाने २०२१ मध्ये मान्य करून माफी मागितली. शंभर वर्षं लागली!

इकडे आपल्या खेड्यांतही तेच. त्या लढाईनंतर सरकारने संगमरवरी पाट्या बसवल्या: या गावातून इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. ‘पैकी’! जमाखर्चाचीच भाषा ती.

म्हणून आपल्या दगडावर काय कोरायचं, यावर समितीत पुष्कळ वेळ गेला. संगमनेरजवळच्या निमजचे नामदेव जाधव तुम्हाला माहीत असतील. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमी साथीदारांना एकामागून एक सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर काढलं, मशीनगनची ठाणी मोडली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एवढ्या मोठ्या माणसाचं आडनावसुद्धा इंग्रजी कागदांत कुठे ‘जाधव’, कुठे ‘जाधाओ’. मग साध्या शिपायाचं काय होत असेल? आम्ही कागदावर विसंबलो नाही, घरोघर गेलो. एका आजींनी नवऱ्याचं नाव काही केल्या उच्चारलं नाही. नातवाकडून जुनी पत्र्याची पेटी उघडवली, पलटणीतून आलेला कागद काढला आणि नावावर बोट ठेवलं. मग आमचं लिहिलेलं बघून म्हणाल्या, ‘वेलांटी दुसरी हाये.’

नावं हुद्द्याने लावलेली नाहीत, तारखेने लावली आहेत. सुभेदार शिपायाच्या खाली आला तर आला. प्रत्येक नावाखाली गाव आहे. कोनशिलेवरची अक्षरं या नावांपेक्षा मोठी नकोत, एवढा हट्ट मी धरला. वाद झाला, तो व्हायचाच होता. पण कोनशिला मागच्या अंगाला गेली.

उद्या पुढच्या दोन्ही रांगा घरच्यांच्या आहेत, कार्यकर्त्यांनी तिथे बसू नये. आणि कुणाचं नाव राहिलं असेल तर पेन्शनबुक, जुनी तार, पलटणीचं पत्र, असेल ते घेऊन या. खाली जागा मोकळी ठेवली आहे आणि पाथरवट सोमवारपर्यंत इथेच आहे.