हापसा कुणाचा?

(दृश्य : दरीत उतरणारी पायवाट, हंडे घेतलेल्या बाया. मूळ आवाज ठेवावा, निवेदन थोडं उशिरा.)

नाशिक जिल्ह्याचा पेठ तालुका, गुजरातच्या हद्दीला लागून. पावसाळ्यात इथं दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आणि मे महिन्यात दरीतल्या झिऱ्याशी बसून बाया वाटी वाटी पाणी हंड्यात भरतात. काळा पाषाण, त्यावर मातीचा पातळ थर, आणि सगळा उतार. धो धो कोसळलेलं पाणी दमणगंगेतून खाली गुजरातेत निघून जातं. डोंगराच्या पोटात मुरतं ते थोडंच.

(दृश्य : पाड्यातला हापसा. दांडा, साखळी, पाण्याची धार.)

आता हा हापसा बघा. देशभर दिसतो, पण त्याची कुळकथा आपल्या महाराष्ट्रातली. साठच्या दशकापासून खडक फोडून बोअर घ्यायला सुरुवात झाली. वर बसवलेले पंप मात्र ओतीव लोखंडाचे, युरोप-अमेरिकेतल्या एखाद्या कुटुंबाच्या अंगणासाठी केलेल्या पंपांच्या नकला. इथं त्याच पंपावर पहाटेपासून अख्खं गाव. दांडे तुटले, सांधे निखळले, पंप बंद पडत गेले. मग जालन्यात ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी पोलादी पंप केला. दांडा एकाच आसावर हलणारा, आत साखळी. सोलापुरात ऑस्कर कार्लसन नावाच्या स्वीडिश कारागिरानं तो आणखी दणकट केला. या सोलापूर पंपाच्याच पायावर सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीनं ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला आणि पुढे आफ्रिकेतल्या खेड्यांपर्यंत पोचला.

पंप दणकट झाला, दुरुस्ती मात्र तालुक्याच्या गाडीवर राहिली. साधा वायसर झिजला तरी गाडी येईपर्यंत हापसा मुका, आणि बाया परत दरीत. हापसा सरकारचा, पाणी गावाचं, असा तो हिशेब होता.

(दृश्य : टाकी, सौर पॅनेल, मग कॅमेरा खाली हापशाच्या बुडाशी.)

इथं बोअर एकच आहे, पंप दोन. वर हापसा, खाली खोलवर सौरऊर्जेवर चालणारा सबमर्सिबल. हापशाच्या बुडाशी ही लोखंडी पेटी दिसते ना, तिच्यातून खालच्या पंपाचं पाणी आडव्या पाइपानं टाकीत चढतं. ऊन असेल तोवर टाकी भरते, आभाळ भरून आलं की दांडा आहेच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेनं लहान वाड्या-पाड्यांसाठी अशा दुहेरी पंपाच्या योजना राज्यात ठिकठिकाणी उभ्या केल्या. टाकी पाच हजार लिटरची. घरोघरी नळानं पाणी देण्याच्या केंद्राच्या जल जीवन मिशननं २०१९ मध्ये माणशी रोज ५५ लिटरचं माप ठरवलं. त्या मापानं एकदा भरलेली टाकी नव्वद माणसांना दिवसभर पुरते.

उद्घाटनाचा फलकही इथं आहे. तो आम्ही चित्रित केला नाही.

(दृश्य : प्लास्टिकची बादली, पांढरी पावडर, काठीनं ढवळणारे हात. इथं घाई नको.)

हे काम रोजचं. हे दादा ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक. हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे या टाकीला पंचवीस ग्रॅम टीसीएल, जंतू मारणारी क्लोरीनची ब्लीचिंग पावडर. बादलीत कालवायची, चुना तळाशी बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची. अर्धा तास थांबायचं आणि मग व्हॉल्व्ह सोडायचा. टीसीएलचं पोतं उघडं राहिलं, ओल लागली, की तिच्यातला दम जातो. मग कितीही घाला, चुनाच घातल्यासारखा. म्हणून पाणी तपासावंच लागतं, आणि तेही टाकीवरचं नव्हे, शेवटच्या घराच्या नळाचं.

(दृश्य : काचेची नळी, थेंब, हळूहळू चढणारा पिवळा रंग.)

ही ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून केलेली तपासणी. पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. पाणी तसंच पांढरं राहिलं, तर दादांना परत टाकीवर चढावं लागतं. पिवळा आहे की नाही, ते या मावशी सांगतात. गावातल्या पाच बायांना पाणी तपासायला शिकवायचं, असं जल जीवन मिशनमध्ये ठरलेलं आहे. मावशी त्या पाचांतल्या. दुसरी बाटली जंतू तपासायची, पाणी भरून दिवसभर ठेवायची. तिच्यातलं पाणी काळं पडलं, तर पाण्यात जंतू. कागदावरच्या अहवालापेक्षा हा काळा रंग पाड्याला लवकर कळतो.

जुलाबाचे पेशंट कमी झाले, पोरी वेळेवर शाळेत जातात, असं पाड्यात सगळेच सांगतात.

(दृश्य : पाणीपट्टीची वही. पानं उलटणारी बोटं. नावं दिसू नयेत.)

पिण्याचं पाणी हा पंचायतीचा विषय आहे, हे ७३ व्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून कागदावर आलं. कागद पाड्यात उतरतो तो या वहीतून. आदिवासीबहुल गावांत गावातल्या कामाच्या खर्चाचा पाच टक्के वाटा लोकांचा, पैशानं किंवा श्रमानं. पाइपलाइनची चारी ज्यांनी खणली, त्यांना पाइप कुठून कसा वळतो ते विचारावं लागत नाही. वायसर गावच्या पाणी समितीच्या पेटीत असतो, पाना शेजारच्या घरात. पट्टी थकवणारेही वहीत आहेत. नळ तोडायचा की थांबायचं, यावर समितीत अजून दोन तट आहेत, आणि समितीत निम्म्या बाया असल्यानं थांबूया म्हणणाऱ्यांची बाजू सध्या जड आहे.

(दृश्य : खालच्या वाडीकडे जाणारी वाट, दुपारचं ऊन.)

खालच्या वाडीलाही याच टाकीतून नळ हवाय. त्या बैठकीत आवाज चढले आणि आम्हाला कॅमेरा बंद करायला सांगितलं, म्हणून ते भांडण इथं दिसणार नाही. ठरलं एवढंच, की मे महिन्यात दोरी सोडून बोअरची पातळी मोजायची. पातळी टिकली तर खालच्या वाडीची चारी दोन्हीकडच्या लोकांनी मिळून खणायची. तोवर नवीन नळ कुणालाच नाही, समितीतल्या घरांनासुद्धा.