वऱ्हांडा गेल्यावर मंडळाचे काम

अध्यक्ष महोदय, मंडळांचे कार्यकर्ते, नव्या सोसायट्यांचे पदाधिकारी आणि मित्रहो,

लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत सर्वांना रहिवाशांचे मंडळ कसे उपयोगी पडते, हा आजचा विषय मी मुंबईतील बीडीडी चाळींच्या आधाराने मांडणार आहे. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या २०७ इमारतींपैकी १२१ वरळीला, ४२ नायगावला, ३२ ना. म. जोशी मार्गावर आणि १२ शिवडीला आहेत, किंवा काही ठिकाणी आता ‘होत्या’ असे म्हणावे लागते. तळमजला आणि वर तीन मजले, साधारण ८० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची आणि मजल्यावर सामायिक शौचालये, अशी त्यांची रचना. शिवडी वगळता अन्य तीन ठिकाणी म्हाडातर्फे पुनर्विकास चालू असून, ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना प्रत्येकी ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. वरळीचे नवे मनोरे ४० मजली आहेत.

चाळीत माणुसकी होती आणि टॉवरमध्ये ती राहत नाही, असे आपण फार सहज बोलतो. मला ते पटत नाही. चाळीत प्रत्येकाला दिवसातून अनेकदा शेजाऱ्याच्या दारावरून जावेच लागे, कारण नळ आणि शौचालय त्याच वऱ्हांड्याच्या टोकाला होते. त्यामुळे एकट्या राहणाऱ्या आजींचे दार सकाळी आठपर्यंत उघडले नाही, तर ते निदान दहा जणांच्या लक्षात येई आणि त्यांतला एखादा कडी वाजवी. यात कोणाची थोरवी नव्हती, इमारतीची रचनाच तशी होती. अर्थात, गुडघे दुखणाऱ्या म्हातारीला आणि दिवस भरत आलेल्या बाईला पहाटे सामायिक शौचालयापुढे रांगेत उभे करणारीही तीच रचना होती, आणि स्वतःच्या घरात शौचालय मिळणे हा त्यांचा हक्कच आहे. मात्र वऱ्हांडा जे काम फुकटात करत होता, ते आता माणसांनी वाटून घ्यावे लागेल, आणि ते मंडळाशिवाय दुसरे कोणी करणार नाही.

सोसायटी ते का करणार नाही, असा प्रश्न येईल. सहकारी गृहनिर्माण संस्था पाणीपट्टी, उद्वाहन, दुरुस्ती निधी आणि पुढच्या मोठ्या बांधकामासाठी साठवायचा सिंकिंग फंड पाहते. तिची वर्गणी म्हणजे देखभाल शुल्क असते आणि ते थकले तर वसुलीची कारवाई होते. मंडळाची वर्गणी ऐच्छिक असते आणि ती तशीच राहिली पाहिजे. तिचा हिशेब मात्र ऐच्छिक नसतो. नोंदणी नसलेल्या मंडळाला उत्सवासाठी वर्गणी गोळा करताना धर्मादाय आयुक्तांकडून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते, हे येथील प्रत्येक खजिनदाराला ठाऊक आहे. तरीही पावती पुस्तकांची स्थळप्रत उत्सवानंतर सापडत नाही, हेही तितकेच ठाऊक आहे.

चाळीच्या मंडळाचे खरे बळ असे की, त्याने वयानुसार खाती पाडली नाहीत. जिन्याखालच्या मंडळाच्या खोलीत गणपतीचे सामान, कॅरमचा बोर्ड, मयताचे साहित्य आणि मुलांना वाटायच्या वह्यांचे गठ्ठे एकाच माळ्यावर असत. दहीहंडीच्या सरावाला येणारी मुलेच रात्री-अपरात्री आजारी माणसाला खुर्चीत बसवून तीन मजले खाली उतरवत, आणि त्याच मुलांना दहावीच्या वर्षी रात्री अभ्यासाला बसता यावे म्हणून गिरणीतून निवृत्त झालेले एखादे काका अभ्यासिकेची किल्ली सांभाळत. जिन्याच्या पायथ्याशी असलेल्या फळ्यावर खडूने लिहिलेले गुणगौरव समारंभाचे निमंत्रण अर्धे पुसून तेथेच कोणाच्या निधनाची बातमी आणि अंत्ययात्रेची वेळ लिहिली जाई, आणि ती वाचल्यावाचून कोणालाच घराबाहेर पडता येत नसे. आता ज्येष्ठांसाठी एक समिती, महिलांसाठी दुसरी आणि युवकांसाठी तिसरी असा आराखडा पुष्कळ ठिकाणी तयार होत आहे. कागदावर तो नेटका दिसतो. प्रत्यक्षात ज्येष्ठांच्या समितीत सगळे ज्येष्ठच असतील, तर रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेपर्यंत धावणार कोण?

एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. मंडळे सर्वांची कधीच नव्हती. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या याच चाळींत दलित आणि सवर्ण वस्त्यांमध्ये दंगल पेटली होती, आणि त्यानंतरही कित्येक इमारतींत गणेशोत्सवाची वर्गणी एका बाजूने आणि आंबेडकर जयंतीची दुसऱ्या बाजूने फिरत राहिली. भाडेकरू आणि पोटभाडेकरू यांना तर वर्गणीपुरतेच आपले मानले गेले. नव्या इमारतीत घरांचे क्रमांक सोडतीने ठरत असल्यामुळे जुने शेजारी विखुरतात, ही तक्रार रास्त आहे. पण त्याच सोडतीने कधी एकमेकांच्या दारात न गेलेली कुटुंबे एका मजल्यावर येतात, हा तिचा फायदा मंडळांनी ओळखावा.

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. प्रत्येक मजल्यावर दोन माणसे नेमावीत, त्यांपैकी एक पंचविशीच्या आतले आणि एक साठीच्या पुढचे असावे. त्यांच्याकडे एक वही असावी: मजल्यावर एकटे कोण राहते, दुपारी शाळेतून आल्यावर कोणत्या मुलाच्या घराला कुलूप असते, इन्सुलिन कोणाला लागते, दुसरी किल्ली कोणाकडे आहे आणि गावाला असलेल्या मुलाचा दूरध्वनी क्रमांक काय. ज्यांचे स्थलांतर अजून व्हायचे आहे त्यांनी ही वही जुन्या चाळीतच लिहायला घ्यावी, कारण यातली निम्मी माहिती वऱ्हांड्यातल्या बायकांना तोंडपाठ असते आणि छापील अर्जावर ती कोणी भरून देत नाही. दुखण्याखुपण्याच्या नोंदी असल्यामुळे ती वही त्या दोघांपलीकडे जाऊ नये, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर तिचा फोटो टाकू नये, आणि ज्याला आपले नाव त्यात नको असेल त्याला कारण विचारू नये.