एकाच हाताचा झटका

पुण्यातल्या एका रुग्णालयाचा एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. रात्रपाळी. पूर्ण दिवसांचं बाळ, जन्मून जेमतेम दीड दिवस झालेलं. त्याच्या उजव्या हाताकडे बघा. ठरावीक ठेक्यात उडतोय. सिस्टर तो अलगद धरतात. साधी थरथर असती तर धरल्यावर थांबली असती. मुठीतले झटके सुरूच आहेत.

हा पक्षाघात असू शकतो. काही हजार जन्मांत एखाद्या बाळाला तो होतो. मेंदूच्या रोहिणीत गुठळी अडकते, बहुतेकदा डावीकडे, म्हणून झटके उजवीकडे. तोंड वाकडं होण्याची वाट बघू नका. पहिल्या 3 दिवसांतली आकडी हीच मोठी खूण.

टाळूवर जेल, त्यावर छोटा प्रोब. रक्तस्राव, साचलेलं पाणी सोनोग्राफीत कळतं. पण रोहिणी अडून झालेली इजा सुरुवातीला तिच्यातून निसटू शकते. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि एमआरआय राहून जातो. तो राहता कामा नये.

आता एमआरआयची ही तयारी पाहा. भूल दिलेली नाही. आईने पोटभर पाजलंय. दुपट्याला आजीने लावलेली सेफ्टी पिन सिस्टर आठवणीने काढतात. चुंबक कायम चालू असतो. झबलं नाड्यांचं, टिचबटणं चालत नाहीत. कानांत बोळे, वर इअरमफ. पायाला ऑक्सिजनचा सेन्सर, तोही एमआरआयमध्ये चालणारा. मग घट्ट गुंडाळून, दिवे मंद करून, बाळ झोपेपर्यंत सगळे थांबतात. घाई केली की बाळ हलतं आणि चित्र पुसट येतं.

हे एमआरआयमधलं डिफ्युजन चित्र, पाण्याची हालचाल दाखवणारं. रक्त न मिळालेल्या पेशी सुजतात, त्यांच्यातल्या पाण्याची हालचाल मंदावते, तो भाग पांढरा चमकतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सर्वांत ठळक, आठवड्याभराने मावळू लागतो. ‘घरी जाऊन या, मग बघू’ इथे चालत नाही. डॉक्टरांचा कर्सर खाली सरकतोय, हालचालींचे संदेश नेणाऱ्या तंतूंवर. तिथेही पांढरं असेल तर विरुद्ध बाजूचा हात-पाय कमजोर राहण्याची शक्यता वाढते.

गुठळी विरघळवणारं औषध या वयात सहसा देत नाहीत. आकडी आवरायची, साखर सांभाळायची, फिजिओथेरपी लवकर सुरू करायची. कमी वजनाच्या बाळांचा 18 वर्षांपर्यंत पाठपुरावा रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाने करून दाखवलाय, तेव्हा पुण्यात असा लांबचा पाठपुरावा जमतो. वर्षाच्या आत बाळ एकाच हाताने खुळखुळा धरू लागलं, तर लगेच दाखवा. आणि जाताना एमआरआयची सीडी न्या, नुसता रिपोर्ट नको.