गाडी लावली, पण चार्जिंग कधी?

संध्याकाळचे साडेसात. गाडी पार्किंगला लागली, प्लग आत गेला, टक्क आवाज आला, चार्जिंग सुरू. आपल्यासाठी विषय संपला. पण तो बाहेर ट्रान्सफॉर्मर दिसतोय ना, त्याचं काम आत्ता कुठे सुरू झालंय.

घरी बसवलेला चार्जर साधारण 7 किलोवॉटचा असतो. म्हणजे तीन-साडेतीन गीझर एकदम लावल्यासारखं, आणि गीझर तरी थोड्या वेळात बंद होतो, हा आपला ओढतच राहतो. एका घराचं चालून जातं हो. पण त्याच ट्रान्सफॉर्मरवरच्या दहा घरांनी एकाच वेळी प्लग लावला की 70 किलोवॉट वाढले, तेही नेमके दिवे, टीव्ही, एसी, स्वयंपाक सगळं जोरात चालू असताना. लाइनच्या शेवटच्या घरात व्होल्टेज पडतं. आणि ट्रान्सफॉर्मर तापतो. त्याच्या आत तारांभोवती तेलात बुडालेला कागद असतो, तोच इन्सुलेशन, आणि ठरलेल्या मर्यादेवर तापमान जेमतेम 6 अंशांनी चढलं तरी तो कागद साधारण दुप्पट वेगानं म्हातारा होतो. बाहेरून काहीच दिसत नाही.

आता जरा हिशोब करू. दिवसाला 40 किलोमीटर फिरलात तर 7-8 युनिट लागतील, म्हणजे तासाभराचं चार्जिंग. आणि गाडी उभी असते रात्रभर, दहा-बारा तास! मला या सगळ्या विषयातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते, की गाडीला घाईच नाहीये, घाई फक्त प्लगला आहे.

स्मार्ट चार्जिंग म्हणजे एवढंच. तुम्ही अ‍ॅपमध्ये सांगायचं, सकाळी सातला गाडी 80 टक्के पाहिजे, मधलं सिस्टिम बघून घेईल. चार्जर गाडीला सतत सांगत असतो की इतकेच अँपिअर घे, त्यामुळे 32 वरून 6 वर आणता येतं, पुन्हा वाढवता येतं, थोडा वेळ थांबवताही येतं. दुपारी सोलरची वीज भरपूर असेल आणि गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये असेल तर तेव्हाच भरून घ्यायची.

मग साधा टायमर लावला तर? इथेच गडबड होते. रात्री बाराला स्वस्त दर सुरू होतो म्हणून सगळ्यांनी बाराचाच टायमर लावला, तर बाराच्या ठोक्याला हजारो गाड्या एकदम चालू, म्हणजे संध्याकाळचा पीक, विजेच्या मागणीचा कळस, नुसता मध्यरात्री सरकला, उलट जास्तच टोकदार झाला, आणि एवढा लोड एका क्षणात आला की ग्रिडची, म्हणजे विजेच्या सगळ्या जाळ्याची, 50 हर्ट्झची फ्रिक्वेन्सी (सेकंदाला 50 आवर्तनांचा ठेका) सांभाळणाऱ्यांची धावपळ. म्हणून ब्रिटनमध्ये 30 जून 2022 पासून घरी आणि ऑफिसात बसवायच्या नव्या चार्जरना नियम आहे, प्रत्येकानं आपापला उशीर लावायचा, चिठ्ठी काढल्यासारखा, 10 मिनिटांपर्यंत. कुणी दोन मिनिटांनी सुरू, कुणी नऊ. किती साधी आयडिया!

गाडीतून ग्रिडला वीज परत द्यायची कल्पनाही आहे, 1997 पासून त्यावर लिहिलं जातंय, पण त्याला वेगळा चार्जर, वेगळी गाडी लागते. नुसती वेळ सरकवायला यातलं फारसं काही लागत नाही.

आणि हो, त्याच ब्रिटिश नियमात हेही आहे की मालकाला हा उशीर रद्द करता आला पाहिजे. घरात कुणाला अचानक दवाखान्यात न्यायचं असेल तर तिथे अल्गोरिदमचं ऐकायचं नाही, बटण दाबायचं आणि पूर्ण 7 किलोवॉट घ्यायचे. बाकीच्या रात्री गाडी अडीचला हळूच चार्ज व्हायला लागते, घर झोपलेलं असतं, आणि ट्रान्सफॉर्मर तोपर्यंत बऱ्यापैकी थंड झालेला असतो.