ऐनावरचा कोसा

नमस्कार मंडळी, पोहे खाऊन झाले असतील असं धरून चालतो. आज किड्यांचे फोटो. लेन्स कुठली घेऊ, हे सगळे विचारतात, झाड कुठलं शोधू असं कोणी विचारत नाही, आणि किडा सापडतो तो झाडामुळे. परत सांगतो, आधी झाड ओळखा. फ्लॅशचा लखलखाट कमी करायला दुधाची रिकामी पिशवी धुऊन पुढे लावा, झालं काम.

तर दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात इंदूरजवळच्या चोरलच्या जंगलात, निष्पर्ण ऐनाच्या झाडावर, तोच हो मगरीच्या पाठीसारख्या सालीचा, कोंबडीच्या अंड्याएवढं काहीतरी देठाला लटकलेलं दिसलं. मला वाटलं फळ. बकऱ्या चारणारे बाबा हसले, म्हणाले, "अरे भैया, कोसा है!" म्हणजे टसर रेशमाचा कोश. मग पहिल्या पावसानंतर महूला मावशीकडे मुक्काम ठोकला आणि रोज संध्याकाळी झाडाखाली. मावशी म्हणायची, लग्नाचं बघ त्यापेक्षा.

तिसऱ्या दिवशी कोशाचं टोक ओलं झालं, आतून पतंग लाळेने रेशीम मऊ करतो ना, आणि मादी बाहेर आली, पंख ओल्या रुमालासारखे चुरगळलेले. ते लटकूनच ताणले जातात, शरीरातला द्रव त्यात भरतो, हे मला माहीत होतं, तरी उजेड नीट यावा म्हणून मी गाढवासारखी फांदी वाकवली. मादी पडली खाली. उचलून परत कोशावर ठेवली पण एक पंख दुमडलेलाच सुकला. रात्री जेवलो नाही.

(पातालपाणीच्या धबधब्यावर चिप्सची पाकिटं फेकणाऱ्यांना मी फार बोलतो, त्या दिवशी तोंड नव्हतं. आणि नव्या कॉलन्यांतल्या त्या लॉनवर काय जगणार हो, एक नाकतोडा? रालामंडलला होळकरांचं शिकारगाह, ते १९८९ पासून अभयारण्य आहे, तिथे जा.)

या पतंगांना खायला तोंडच नसतं, थोडेच दिवस जगतात, मादी बसल्या जागी गंध सोडते आणि नर पिसांसारख्या मिशांनी तो हुंगत येतो. पहाटे परत गेलो, हात लावायचा नाही असं ठरवूनच. ती तिथेच होती, दुमडल्या पंखाची, आणि तिला चिकटून एक नर, रात्रीच कुठूनतरी आलेला. तोच फोटो आहे माझ्याकडे, जरा हललेला.