चार जॉन, एक जॅनेट

आपले कुलवृत्तांत ज्यांनी चाळले आहेत त्यांना ‘विष्णू रघुनाथ’ आणि ‘रघुनाथ विष्णू’ ही पिढ्यान्‌पिढ्या चालणारी जोडी ठाऊक आहे. स्कॉटिश पूर्वज शोधणाऱ्याची अडचण इथेच सुरू होते, कारण स्कॉटलंडात हा जवळजवळ नियमच होता. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, तिसऱ्याला खुद्द बापाचं. मुलींत पहिलीला आईच्या आईचं. आता बघा, आजोबा जॉन, त्यांना चार मुलगे, आणि चौघांचाही थोरला जॉन! एकच पॅरिश (चर्चचा इलाखा), वयात दोन-चार वर्षांचं अंतर. यातला तुमचा खापरपणजोबा कोणता? त्यात मूल दगावलं तर पुढच्याला तेच नाव. म्हणजे बाप्तिस्म्याची नोंद हाती लागली तरी ती जगलेल्या मुलाची असेल असं नाही. शिवाय डोनाल्ड दुसऱ्या कागदावर डॅनियल होतो, पॅट्रिक पीटर होतो, जॅनेट जेसी होते.

म्हणून माझं सांगणं असं, की पुरुष सोडा, बायका शोधा. स्कॉटिश दप्तरात लग्नानंतरही बाईचं माहेरचं आडनाव टिकतं, थडग्यांवरसुद्धा. जॉन चार असले तरी ‘जॅनेट फ्रेझर’चा नवरा असलेला जॉन बहुधा एकच. 1 जानेवारी 1855 पासून सरकारी नोंदणी सुरू झाली आणि मृत्यूच्या दाखल्यातही मृताच्या आईचं माहेरचं आडनाव येऊ लागलं. इंग्लंडच्या त्या काळच्या दाखल्यात ते मिळत नाही. अर्थात, माहिती देणारा जावई असेल तर सासूच्या आईचं नाव त्याने अंदाजाने ठोकलेलं असू शकतं! ज्यांच्या घरात 1855 साली कुणी जन्मलं ते नशीबवान. त्या वर्षी आईबापांची वयं, जन्मगावं, लग्न कधी-कुठे, आधीची मुलं, सगळं लिहून घेतलं. तो पसारा झेपेना, पुढच्याच वर्षी छाटला.

गावांचा घोळ मात्र आडनावाने सुटत नाही. किर्कमायकल नावाचं पॅरिश पर्थशरमध्ये आहे, एअरशरमध्ये आहे, बान्फशरमध्येही आहे. मिल्टन, न्यूटन ही शेतवाड्यांची नावं तर जागोजागी. लुइस आणि हॅरिस एकाच बेटाचे दोन भाग, पण लुइस रॉसशरमध्ये आणि हॅरिस इन्व्हर्नेसशरमध्ये, त्यामुळे कागद दोन काउंट्यांत (जिल्ह्यांत) विभागलेले. परदेशातल्या थडग्यावर ‘इन्व्हर्नेसचा’ लिहिलेलं असलं तर शहरच धरू नका; स्काय बेटही त्याच काउंटीत होतं. कॅनडात गेलेल्यांनी केप ब्रेटनलाही एक इन्व्हर्नेस वसवलं, ते वेगळंच. नोंद उतरवून घेताना शेतवाडी, पॅरिश, काउंटी तिन्ही लिहा.

बकीसारख्या ईशान्य किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांत आडनावंच मोजकी. घराघरात स्मिथ किंवा कावी. तिथे प्रत्येक घराण्याला टोपणनाव असे, त्याला ‘टी-नेम’ म्हणत, आणि ते सरकारी नोंदींतही चढलेलं सापडतं. अशा घराण्याचा शोध घेणाऱ्याने घरातल्या म्हाताऱ्यांना आधी तेच विचारावं.