तपकिरी ठिपके

(सकाळ. पराटीचं, म्हणजे कपाशीचं शेत, धुऱ्यावर उभा माणूस.)

आर्वी तालुका, जिल्हा वर्धा. शेवटची वेचणी सुरू आहे. डाव्या गालावर दुपट्टा ओढलेल्या या शेतकऱ्याला तोंडाचा कर्करोग आहे. त्याने आधीच सांगितलं होतं, चेहरा दाखवायचा नाही.

"दुखत नव्हतं ना जी. मंग दवाखान्यात कायले जाऊ?"

(पानठेला. फक्त हात.)

सुपारी, तंबाखू, चुना. पन्नीत घालून घोट घोट घोटायचं. राज्यात गुटखाबंदी आली २०१२ मध्ये; खर्रा मात्र असा समोर घोटून मिळतो.

(प्रयोगशाळा. बर्फावर ठेवलेले मेणाचे ठोकळे.)

त्याच्या गालातून काढलेला वाटाण्याएवढा तुकडा आधी फॉर्मालिनमध्ये, म्हणजे मांस टिकवणाऱ्या द्रावणात राहिला, मग मेणात बसला. विदर्भाच्या उन्हाळ्यात मेण मऊ पडतं, म्हणून ठोकळा बर्फावर. आता प्रयोगशाळेतल्या ताईंचा हात बघा. मायक्रोटोमचं, म्हणजे पातळ काप काढणाऱ्या यंत्राचं चाक फिरतं आणि पात्यावरून फीत उतरते. जाडी तीन-चार मायक्रॉन, केसाच्या जाडीचा जेमतेम विसावा भाग. ब्रशच्या टोकाने ती कोमट पाण्यावर सोडायची. सुरकुती पडली की फेकायची. आमच्यासमोर तीन फेकल्या. चौथी काचेवर नीट बसली.

मेण उतरवून काच प्रेशर कुकरमध्ये जाते. हो, शिट्टीचाच कुकर. फॉर्मालिनने आवळून धरलेली प्रथिनं त्या उष्णतेने मोकळी होतात. मग थेंबभर प्रतिपिंड, म्हणजे ठरावीक प्रथिनालाच चिकटणारा रेणू. याचं नाव सीडी ३४. ते रक्तवाहिनीच्या अस्तराला धरतं आणि शेवटच्या रसायनाने ती जागा तपकिरी होते. बाकी सगळं निळं.

(सूक्ष्मदर्शकातलं दृश्य. इथे निवेदन थोडं थांबेल.)

हे तपकिरी ठिपके म्हणजे कर्करोगाने स्वतःसाठी ओढून आणलेले रक्ताचे पाट. पाटाशिवाय गाठ एक-दोन मिलिमीटरपुढे फारशी वाढत नाही, हे ज्यूडा फोकमन या शल्यविशारदाने १९७१ मध्ये मांडलं. तेव्हा फार कुणी मनावर घेतलं नाही.

मोजायची रीत साधी आहे. आधी कमी भिंगातून ठिपक्यांची सर्वांत दाट जागा शोधायची, मग २०० पट मोठं करून एकेक ठिपका मोजायचा. पोकळी दिसायलाच हवी असं नाही. तपकिरी पेशी एकटी असली तरी ती एक वाहिनी. १९९१ मध्ये संशोधक वायडनर आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या ४९ रुग्णांत असंच मोजलं. ज्यांचा रोग दुसरीकडे पसरला होता त्यांच्यात भिंगाच्या एका दृश्यात सरासरी १०१ वाहिन्या, पसरला नव्हता त्यांच्यात ४५. पुढे वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे नेहमी जुळले नाहीत, दाट जागा कोणती यावरही मतभेद होतात.

(दुसरी काच. कडेचा भाग.)

ही डी२-४० या दुसऱ्या प्रतिपिंडाची. हिच्यावर उमटतात लसिकावाहिन्या, म्हणजे रक्ताऐवजी लसिका हा पाण्यासारखा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या, पातळ भिंतीच्या, चपट्या. तोंडाचा कर्करोग बहुधा याच वाटेने मानेतल्या लसिकागाठींत उतरतो. म्हणून कर्करोगाच्या गाठीच्या मध्यापेक्षा कडेला, जिथे ती निरोगी मांसात घुसते, तिथे डॉक्टर जास्त वेळ थांबतात. त्यांच्या डाव्या हातात मोजणीचं यंत्र आहे, टक, टक, टक. चहा कधीच गार झालाय.

एवढं मोजूनही हा आकडा रोजच्या रिपोर्टात नसतो. रोगाचा टप्पा ठरतो तो गाठीचा आकार, तिची खोली आणि मानेतल्या गाठी पाहून. ठोकळा इथला, मेण इथलं, मोजणारे डोळेही इथलेच. प्रतिपिंडाची बाटली तेवढी महाग. आम्हाला तरी ती परवडायला हवी असं वाटतं.

शेतकऱ्याचं ऑपरेशन झालं. मानेतल्या गाठी काढल्या. पुढे शेक, म्हणजे किरणोपचार.

(लाकडी कपाट. ताई ठोकळ्यावर पेन्सिलीने नंबर टाकतात.)

ठोकळा खणात जातो. दहा वर्षांनी कुणी मागितला तर याच मेणातून पुन्हा फीत निघेल.

(पराटी. वाऱ्याचा आवाज. निवेदन नाही.)